पाय साथ देत नसेल तर विमानात कुठली सीट घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा उजवा गुडघा अपघातानंतर जेमतेम वाकतो, आणि आईचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. त्यामुळे घरात विमानाचं तिकीट निघालं की पहिली चर्चा सीटची. मग ओळखीतले विचारायला लागले, मग ओळखीच्यांच्या ओळखीतले. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. औषधपाण्याचं मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, ते माझं काम नाही.

१. पायाचा त्रास आहे. एका वाक्यात सांगा, कुठली सीट घेऊ?

एका वाक्यात सांगता येत नाही, आधी मलाच एक प्रश्न विचारावा लागतो. तुमचा पाय नेमकं काय करत नाही? वाकत नाही, भार घेत नाही, की सांगितलेलं ऐकत नाही? लोक तिन्हीला ‘पायाचा त्रास’ म्हणतात आणि काउंटरवर जाऊन ‘पुढची सीट द्या’ म्हणतात. तिन्हीला लागणारी सीट वेगळी असते.

वाकत नसेल (प्लॅस्टर, आखडलेला गुडघा), तर पाय लांब करायला जागा हवी. त्यासाठी प्रश्न ३ आणि ४ वाचा. भार घेत नसेल (झिजलेले गुडघे, ताजं ऑपरेशन), तर बसल्यावर फारसं काही होत नाही, हाल होतात ते उठताना आणि सीटपर्यंत चालताना. अशांना दाराजवळची आइल सीट (म्हणजे चालायच्या वाटेलगतची) हवी, आणि समोर धरून उठायला दुसऱ्या सीटची पाठ हवी. पाय ऐकत नसेल (पॅरालिसिस, पोलिओ), तर प्रश्न ५ कडे जा, तिथे बाकीच्यांचा नियम उलटा होतो.

२. आइल सीट की खिडकी?

दहातल्या आठ जणांना मी आइल सांगतो. साध्या इकॉनॉमीत आपल्या सीटपासून पुढच्या सीटपर्यंतचं अंतर साधारण २८ ते ३१ इंच असतं, आणि त्यात सीटची स्वतःची जाडीही आली. खिडकीशी बसलात तर बाहेर पडताना दोन जणांच्या गुडघ्यांपुढून आडवं सरकावं लागतं. धडधाकट माणूसही तिथे अडखळतो.

खिडकी कुणाला? ज्याला वाटेत उठायचंच नाही आणि ज्याच्या पायाला कुणाचा धक्का लागून चालणार नाही अशाला. पुणे–दिल्लीसारखा दोन तासांचा प्रवास असेल, टाके ताजे असतील, तर खिडकीशी पाय सुरक्षित राहतो. मधली सीट कुणीही घेऊ नये. फुकट मिळाली तरी.

३. माझा एकच पाय वाकत नाही. डावीकडची आइल घेऊ की उजवीकडची?

हा प्रश्न जितके लोक विचारतात त्याहून जास्त लोकांनी विचारायला हवा. ताठ पाय वाटेच्या बाजूला यायला हवा, म्हणजे तो तिरका बाहेर काढता येतो. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ मध्ये तीन सीट, मधे वाट, पुन्हा तीन सीट अशी रचना असते, आणि डावीकडून उजवीकडे ए ते एफ अशी अक्षरं. ‘सी’वर बसलात की वाट तुमच्या उजव्या हाताला येते, ‘डी’वर बसलात की डाव्या. म्हणून उजवा पाय ताठ असेल तर सी, डावा असेल तर डी.

मोठ्या विमानात दोन वाटा असतात (बोइंग ७८७ मध्ये बहुतेक ३-३-३, ७७७ मध्ये बऱ्याच कंपन्यांची ३-४-३), आणि अक्षरं कंपनीगणिक बदलतात. तिथे अक्षर पाठ करू नका. सीटचा नकाशा उघडा, विमानाच्या नाकाकडे तोंड करून बसल्याची कल्पना करा आणि वाट कुठल्या हाताला येते ते बघा. मधल्या गटातली वाटेची सीट मला जास्त आवडते. शेजाऱ्याला उठायचं असलं तर त्याला पलीकडूनही जाता येतं, दर वेळी तुम्हाला उठवावं लागत नाही.

आता या सल्ल्याची दुसरी बाजू. वाटेत काढलेला पाय म्हणजे ट्रॉलीचं भक्ष्य. एकदा मला डुलकी लागली होती, चहाची ट्रॉली मागून आली आणि तिचं चाक थेट घोट्यावर. चूक ट्रॉली आणणाऱ्याची नव्हती, मागून येणाऱ्याला खाली पसरलेला पाय दिसतच नाही. तेव्हापासून बसल्या बसल्या केबिन क्रूला सांगतो, ‘हा पाय आत येत नाही, ट्रॉली आणायच्या आधी मला हाक मारा.’ ते मारतात. टेकऑफ आणि लँडिंगला वाट मोकळीच लागते, तेव्हा पाय जमेल तितका आत घ्यावा लागतो. अजिबातच घेता येत नसेल तर ही सीट तुमची नाही, प्रश्न ४ आणि ९ पाहा.

४. पहिली रांग सगळ्यात चांगली, नाही का? जादा पैसे भरायला तयार आहोत.

थांबा, अजून भरू नका. पहिल्या रांगेत समोर सीट नसते, भिंत असते. गुडघ्यांपुढे जागा मिळते हे खरं, पण भिंत काही पुढे सरकत नाही. सामान्य सीटखाली जो पाय घुसवता येतो तो इथे कुठे घुसवणार? उंच माणसाचा ताठ पाय काही विमानांत तळव्यानं भिंतीला टेकून वाकायला लागतो. शिवाय डाव्या आणि उजव्या बाजूची भिंत सारख्याच अंतरावर असेल असंही नाही.

दुसरं, इथे जेवणाचा ट्रे आर्मरेस्टमध्ये दडवलेला असतो, त्यामुळे हे आर्मरेस्ट सहसा वर होत नाहीत. व्हीलचेअरवरून सरकून सीटवर बसणाऱ्याला ही रांग म्हणजे शिक्षाच. तिसरं, समोर धरून उठायला काही नसतं. आईला एकदा कौतुकानं पहिली रांग घेऊन दिली. उतरताना ती नुसते हात हवेत हलवत होती. शेवटी मी समोर उभा राहून दोन्ही हात दिले तेव्हा उठली. पुढच्या वेळी चौथ्या रांगेची आइल घेतली, समोरच्या सीटची पाठ धरून स्वतः उठली.

चौथं, जवळची पर्स, औषधांची पिशवी टेकऑफ-लँडिंगला वरच्या कप्प्यात जाते, पायाशी ठेवता येत नाही. आणि लांबच्या विमानांत तान्ह्या बाळांचे पाळणे याच भिंतीला लावतात.

एवढं सगळं असूनही गुडघा थोडाफार वाकतो, उठता येतं, फक्त दाटीवाटी सहन होत नाही अशांना पहिली रांग उत्तम.

५. बाबांना पॅरालिसिस झाला होता, डावी बाजू कमजोर आहे. वरच्या नियमानं ‘डी’ घ्यायची ना?

नाही, ‘सी’ घ्या. ताठ पाय वाटेकडे ठेवायचा असतो, पण कमजोर पाय आत ठेवायचा असतो. लुळा पाय वाटेच्या बाजूला असला की नकळत घसरून बाहेर पडतो, आणि ट्रॉली आली तरी चटकन ओढून घेता येत नाही. बाबांचा चांगला हात आणि चांगला पाय वाटेकडे असला की उजव्या हातानं पुढची सीट धरून, उजव्या पायावर भार देऊन त्यांना वाटेत उभं राहता येईल. उजवी बाजू कमजोर असती तर ‘डी’ सांगितली असती.

यात एक अडचण आहे ती सांगून ठेवतो. आत बसताना त्यांना कमजोर बाजूकडे सरकावं लागेल, ते अवघड जातं. तरी मी हाच सल्ला देतो. बसवताना मदतनीस हजर असतो, बाथरूमला जायला उठताना दर वेळी असेलच असं नाही. तुम्ही स्वतः त्यांच्या कमजोर बाजूला, म्हणजे मधल्या सीटवर बसा. त्यांचा पाय तुमच्या नजरेखाली राहतो.

६. इमर्जन्सी एक्झिटच्या रांगेत भरपूर जागा असते. ती पैसे देऊन घेता येईल का?

नाही, मिळणार नाही. आणीबाणीत दार उघडून बाकीच्यांना वाट करून देणं हे त्या रांगेतल्या प्रवाशांचं काम असतं. वेबसाइटवर सीट निवडता येते, कारण वेबसाइटला तुमचा पाय दिसत नाही. विमानात क्रूला काठी दिसली की उठवतात, आणि तोवर बाकीच्या चांगल्या सीट गेलेल्या असतात. त्याच्या पुढच्या रांगेचीही चौकशी करूनच ती घ्या, तिची पाठ बऱ्याचदा मागे होत नाही. शेवटच्या रांगेचंही तेच.

७. विमान कंपनीला कधी आणि काय सांगायचं?

तिकीट काढतानाच, नाहीतर निदान उड्डाणाच्या ४८ तास आधी. भारतात डीजीसीएचा (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा) नियम तसाच आहे, युरोपातही तेवढीच मुदत आहे. फोनवर ‘व्हीलचेअर लावा’ एवढंच सांगून ठेवू नका. कंपन्यांकडे व्हीलचेअरचे तीन प्रकार असतात, आणि तुमच्या बुकिंगवर कुठला लागला आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं.

‘डब्ल्यूसीएचआर’ म्हणजे लांब चालवत नाही, पण जिना चढता येतो. ‘डब्ल्यूसीएचएस’ म्हणजे जिना चढता येत नाही, विमानात मात्र सीटपर्यंत चालता येतं. ‘डब्ल्यूसीएचसी’ म्हणजे थेट सीटवर नेऊन बसवावं लागतं. संकोचापोटी आपली माणसं ‘तसं चालता येतं हो’ म्हणतात आणि पहिला प्रकार लागतो. मग विमान लांब उभं असतं, बस जिन्यापाशी सोडते आणि समोर उंच पायऱ्या. जिना जमत नसेल तर ‘जिना जमत नाही’ हे तीन शब्द स्पष्ट उच्चारा. मग रॅम्प (इंडिगोकडे तो बऱ्याच ठिकाणी असतो) किंवा अँब्युलिफ्ट (प्रवाशाला वर उचलून दारापर्यंत नेणारी गाडी) मागवली जाते.

८. डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं का?

फक्त चालायला मदत हवी म्हणून लागत नाही. नुकतंच ऑपरेशन झालं असेल, पायाला प्लॅस्टर असेल, वाटेत ऑक्सिजन वगैरे लागणार असेल तर ‘फिट टू फ्लाय’ आणि कंपनीचा मेडिफ नावाचा फॉर्म मागतात. फॉर्मचा काही भाग डॉक्टरांनी भरायचा असतो, तेव्हा आदल्या रात्री धावाधाव नको. गुडघ्यात-खुब्यात धातू असेल तर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जवळ असू द्या. सुरक्षा तपासणीत यंत्र वाजणारच, कागद दाखवला तरी हातानं तपासतात, पण समजावून सांगणं सोपं जातं.

९. पायाला प्लॅस्टर आहे. बसता येईल का साध्या सीटवर?

गुडघ्याखालचं प्लॅस्टर असेल आणि गुडघा वाकत असेल तर बहुधा येईल, आइल घ्या. मांडीपर्यंत असेल तर पाय सरळच राहतो, आणि तो टेकऑफला आत घेता येत नाही. अशा वेळी कंपनीशी आधी बोलणं भागच आहे. काही कंपन्या शेजारची सीटही विकत घ्यायला लावतात, काही पुढची रांग देतात. परस्पर सीट निवडून विमानतळावर पोचलात तर परत पाठवण्याची शक्यता खरी आहे.

प्लॅस्टर कधीचं आहे तेही विचारतात. हाड मोडल्यावर पाय सुजतो, आणि बंद प्लॅस्टरमध्ये त्याला फुगायला जागा नसते. म्हणून बहुतेक कंपन्या दोन तासांच्या आतल्या प्रवासाला प्लॅस्टर घातल्यापासून २४ तास आणि त्याहून लांबच्या प्रवासाला ४८ तास थांबायला सांगतात. त्याआधी जायचंच असेल तर डॉक्टर प्लॅस्टरला उभा छेद देऊन देतात.

१०. गुडघा (किंवा खुबा) बदललाय आणि मुलीकडे अमेरिकेला जायचंय. सोळा तास कसे बसणार?

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणाऱ्या विमानात १५-१६ तास जातात. इथे सीट निवडताना ‘किती जागा’ यापेक्षा ‘किती वेळा उठता येईल’ याचा विचार करा. म्हणजे आइल, बाथरूमपासून चार-पाच रांगा लांब. अगदी बाथरूमला लागून घेतलीत तर रात्रभर दाराचा खटका आणि पायाशी रांग.

चार तासांपेक्षा लांबच्या प्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि ऑपरेशन ताजं असेल तर तो आणखी वाढतो. किती आठवडे थांबायचं, मोजे घालायचे का, गोळी-इंजेक्शन लागेल का, हे सर्जनला विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. बसल्या बसल्या टाचा उचलणं, पावलं वर-खाली करणं मात्र कुणालाही करता येतं.

खुबा बदललेल्यांची आणखी एक अडचण असते. विमानाची सीट खोल आणि बसकी असते, त्यात गुडघे खुब्यापेक्षा वर जातात. डॉक्टरांनी ९० अंशांच्या पुढे वाकू नका म्हटलं असेल तर बुडाखाली घट्ट उशी घ्या. आई घरची चौरंगावरची गादी घेऊन गेली होती, दिसायला विचित्र पण काम चोख. पाय ठेवायला मिळणाऱ्या फुगवायच्या उशा आणि अडकवायच्या झोळ्या बऱ्याच कंपन्या चालू देत नाहीत, ते पैसे वाचवा.

आणि पैसे भरायच्या आधी बघा, पुढच्या सीटखाली टीव्हीच्या यंत्रणेचा लोखंडी डबा तर नाही ना. मोठ्या विमानांत तो असतो आणि एका पायाची जागा खातो.

११. जळगाव, सिंधुदुर्गला जाणारं छोटं विमान आहे. तिथेही पुढचीच आइल?

छोटं म्हणजे बहुधा पंख्याचं एटीआर, आणि तिथे सगळंच उलट आहे. प्रवासी मागच्या दारानं चढतात. ‘पुढची सीट’ म्हणून दुसरी रांग घेतलीत की अख्खं विमान चालून जावं लागतं, तेही अरुंद वाटेतून. एटीआरमध्ये जवळची सीट म्हणजे शेवटच्या रांगांमधली. पहिल्या रांगेशेजारी इमर्जन्सी एक्झिट असतं, ती तशीही मिळणार नाही (प्रश्न ६).

रचना दोन-दोन सीटची असल्यानं मधली सीट नाही, खिडकीवाल्यालाही एकालाच ओलांडावं लागतं. वाट कुठल्या हाताला येते हा हिशोब इथेही प्रश्न ३ सारखाच. या विमानाच्या पायऱ्या दारालाच जोडलेल्या असतात, मोजक्याच असतात, पण उंच वाटतात. एरोब्रिज लागत नाही. चढायला काय सोय आहे ते आधीच विचारून घ्या.

१२. आइलच्या बाजूचं आर्मरेस्ट वर होत नाही. तुटलंय का?

तुटलेलं नाही, लपवलेलं आहे. बऱ्याच विमानांत वाटेकडच्या आर्मरेस्टच्या खालच्या अंगाला, मागे बिजागरीपाशी एक छोटी कळ किंवा खाचेतलं बटण असतं. बोटानं चाचपडा, दाबून धरा आणि आर्मरेस्ट उचला. हे कळलं त्या दिवशी मला स्वतःचाच राग आला, इतकी वर्षं मी त्या दांड्यावरून पाय उचलून आत टाकत होतो. सगळ्याच रांगांना ही सोय नसते. सरकून बसायचं असेल तर फोनवरच सांगा, ‘वाटेकडचं आर्मरेस्ट वर होणारी सीट हवी.’

१३. काठी, कुबडी, वॉकर जवळ ठेवू देतात का?

विमानात चढेपर्यंत हो. टेकऑफ-लँडिंगला वरच्या कप्प्यात किंवा क्रू सांगेल तिथे, वाटेत आडवी नको. घडीची काठी असेल तर समोरच्या खिशात न कोंबता क्रूला विचारून ठेवा. वर ठेवली असेल तर कुठल्या कप्प्यात ते लक्षात ठेवा आणि उतरताना घाई करू नका, तशीही व्हीलचेअरवाल्यांची पाळी शेवटी येते. भारतात अशी साधनं १५ किलोपर्यंत जादा सामान म्हणून विनाशुल्क नेता येतात, विमानात जागा असेल त्या मर्यादेत.

१४. आइल मागितली होती, काउंटरवर खिडकी दिली. भांडू का?

आधी कारण विचारा. ज्याला स्वतः उठून चालता येत नाही अशा प्रवाशाला कंपन्या बऱ्याचदा खिडकीशी बसवतात, कारण आणीबाणीत बाकीच्यांची वाट अडू नये. तुमच्या बुकिंगवर ‘डब्ल्यूसीएचसी’ असेल तर हेच झालं असणार. तुम्ही सीटपर्यंत चालू शकत असाल तर प्रकार चुकीचा लागलाय, तो बदलून घ्या (प्रश्न ७) आणि मग आइल मागा. चढ्या आवाजापेक्षा ‘माझा उजवा गुडघा वाकत नाही, मला वाट उजव्या हाताला हवी’ एवढं नेमकं वाक्य जास्त कामाला येतं.

१५. पैसे भरून सीट घेतली आणि ऐन वेळी विमानच बदललं. आता?

माझ्या बाबतीत झालंय. ए३२० चं एटीआर झालं आणि माझी सीट पार दुसऱ्या टोकाला. विमान बदललं की संगणक सीट नव्यानं वाटतो, त्याला तुमचा गुडघा माहीत नसतो. म्हणून नुसता सीट नंबर घेऊन निर्धास्त राहू नका, अडचण बुकिंगमध्ये नोंदवून ठेवा. नंबर गेला तरी नोंद राहते आणि काउंटरवरच्या माणसाला ती दिसते. वेब चेक-इन झालं असलं तरी प्रवासाच्या सकाळी एकदा सीट तपासा.

तिकीट एका कंपनीचं आणि उडणारं विमान दुसरीचं असेल तर सीटचं बोलणं उडवणाऱ्या कंपनीशीच करा. वाटेत विमान बदलायचं असेल तर प्रत्येक टप्प्याची नोंद वेगळी तपासा. एजंटनं ‘सगळं सांगितलंय’ म्हटलं तरीही.

१६. सोबत्याला शेजारची सीट मिळेल ना?

मदतीला बरोबर आलेल्या माणसाला शेजारी बसवायचा कंपनीनं जमेल तितका प्रयत्न करावा, असं डीजीसीएचा नियम सांगतो. दोघांचं बुकिंग एकाच पीएनआरवर ठेवा, वेगवेगळं काढलं असेल तर फोन करून जोडून घ्या. सोबती कुठल्या बाजूला बसवायचा ते प्रश्न ५ मध्ये आहे.

१७. अमेरिकेच्या विमानात ताठ पायासाठी वेगळा नियम आहे म्हणतात, खरं का?

खरं आहे. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या नियमांत (भाग ३८२) स्पष्ट लिहिलंय की ज्याचा पाय वाकत नाही त्याला भिंतीसमोरची किंवा पायाला जास्त जागा असलेली सीट द्यावी, आणि तीही वाटेच्या ज्या बाजूला त्याला सोयीचं पडेल त्या बाजूला. म्हणजे प्रश्न ३ मधला सी-डीचा हिशोब तिथे कायद्यात आहे. अमेरिकेत उतरणाऱ्या किंवा तिथून उडणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही तो लागू आहे, म्हणजे मुंबई–न्यूयॉर्कलाही. मात्र सीट तुमच्या तिकिटाच्याच वर्गातली मिळते, इकॉनॉमीच्या तिकिटावर बिझनेस मागू नका.

१८. विमानात कुणी ‘जरा सीट बदलता का, आम्ही दोघं एकत्र आहोत’ म्हणालं तर?

आधी त्यांची सीट कुठली ते विचारा, मग उठा. मी एकदा भिडेखातर सी सोडून डी घेतली. नवं लग्न झालेलं जोडपं होतं, नाही म्हणवेना. दोन तास उजवा पाय शेजारच्या काकांच्या पायात अडकून राहिला, आणि ते काका बिचारे मलाच ‘सॉरी’ म्हणत होते. आता कुणी विचारलं की पँट जरा वर करून गुडघ्याचा पट्टा दाखवतो आणि म्हणतो, ‘मला हीच बाजू लागते हो.’ कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही.